विद्युत्-गिटार आणि स्त्रियांचे हात



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून काहींच्या मनात शंका आली असेल. ज्या व्यासपीठावरून इतिहास, तत्त्वज्ञान आणि राजकारण यांची चर्चा व्हावयाची, तेथे गिटार नावाच्या परक्या वाद्याचे आणि त्याला जोडलेल्या विजेच्या पेटीचे काय काम? शंका रास्त आहे. परंतु इतिहास म्हणजे केवळ लढाया आणि तहनामे नव्हेत, हे आपणांस आता कोणी सांगावयास नको. एखाद्या कलेचा इतिहास लिहिला जात असता त्यात कोणाचे नाव नोंदले जाते, कोणाचे राहून जाते, आणि राहून गेलेले नाव जागेवर यावयास किती वर्षे लागतात, हा खास इतिहासाचाच प्रश्न आहे. विद्युत्-गिटारचे आयुष्य अवघे नव्वद-पंचाण्णव वर्षांचे. तिची यंत्रे शिल्लक आहेत, ध्वनिमुद्रिका शिल्लक आहेत, पुष्कळशी माणसेही कालपरवापर्यंत हयात होती. त्यामुळे हा प्रश्न तपासून पाहण्यास हे उदाहरण मोठे सोयीचे आहे.

प्रथम वाद्याविषयी थोडे. साध्या गिटारचा नाद तिच्या लाकडी पोटात घुमून मोठा होतो. विद्युत्-गिटारला अशा पोटाची गरज नसते. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक बसविलेले असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. तार छेडली की त्या गुंडाळीत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो ध्वनिवर्धकात, म्हणजे ज्याला आपण ॲम्प्लिफायर म्हणतो त्यात, जाऊन बळावतो आणि कर्ण्यातून बाहेर पडतो. १९३१-३२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात जॉर्ज बोशाँ आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी असे वाद्य सिद्ध केले. ते मांडीवर आडवे ठेवून वाजवावयाचे हवाईयन गिटार होते. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने अंगाशी धरून वाजवावयाची विद्युत्-गिटार बाजारात आणली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. हा ध्वनिवर्धक आवाज नुसता मोठा करीत नाही, तो आवाजाला रंग देतो. त्यातल्या व्हॉल्व्हवर बेताबाहेर भार टाकला की आवाज फाटतो, भरड होतो, लांबतो. यंत्रज्ञांच्या दृष्टीने हा दोष. पण वादकांनी त्यालाच गुण मानले आणि त्यातून एका युगाचे संगीत निर्माण झाले. म्हणून विद्युत्-गिटार वाजविणारा वस्तुतः दोन वाद्ये वाजवीत असतो. एक हातातले आणि दुसरे पेटीतले.

या दुसऱ्या वाद्याकडे अगदी आरंभी वळलेल्या मंडळींत स्त्रिया होत्या, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मेम्फिस मिनी या नावाने गाजलेल्या लिझी डग्लस या कृष्णवर्णीय वादिकेच्या ध्वनिमुद्रिका १९२९ पासून निघत होत्या. शिकागोत त्यांनी विजेची गिटार हाती घेतली. १९४२ सालच्या अखेरच्या रात्री एका लहानशा मद्यगृहात त्यांचे वादन प्रख्यात कवी लँग्स्टन ह्यूज यांनी ऐकले आणि १९४३ च्या जानेवारीत ‘शिकागो डिफेंडर’ या पत्रात त्यावर लेख लिहिला. ध्वनिवर्धकातून निघणाऱ्या त्या आवाजाला ह्यूज यांनी कारखान्यातील यंत्रांची उपमा दिली. विद्युत्-गिटारच्या आरंभकाळातील हे एक अत्यंत जिवंत वर्णन आहे, आणि ते एका स्त्रीच्या वादनाचे आहे.

दुसरे नाव सिस्टर रोझेटा थार्प यांचे. त्यांचा जन्म १९१५ चा, अर्कान्सास राज्यातील कॉटन प्लँट या गावचा. आई प्रार्थनासभांतून गाणारी आणि उपदेश करणारी. मुलगी लहानपणापासून तिच्याबरोबर गिटार वाजवीत हिंडली. १९३८ मध्ये डेक्का कंपनीने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. देवाची गाणी रात्रीच्या क्लबात गाते म्हणून धर्मनिष्ठांनी नाके मुरडली, आणि बाई असून गिटार वाजविते म्हणून इतरांनी भुवया उंचावल्या. थार्पबाईंनी दोघांचीही फिकीर केली नाही. १९४४ मध्ये मुद्रित झालेल्या त्यांच्या एका भक्तिगीतात पुढे रॉक अँड रोल म्हणून जगभर गेलेल्या संगीताची चाल स्पष्ट ऐकू येते. १९४७ मध्ये मेकन या गावी एका चौदा वर्षांच्या मुलाला त्यांनी आपल्या कार्यक्रमात रंगमंचावर गावयास बोलाविले. तो मुलगा पुढे लिटल रिचर्ड म्हणून प्रसिद्धीस आला. १९६४ च्या मे महिन्यात मँचेस्टर शहरातील एका बंद पडलेल्या रेल्वेस्टेशनवर दूरचित्रवाणीसाठी त्यांचा कार्यक्रम झाला. एका फलाटावर श्रोते, समोरच्या फलाटावर थार्पबाई. पाऊस नुकताच पडून गेलेला. अंगात जाडा कोट, गळ्यात पांढरी विजेची गिटार, आणि पावसाचेच गाणे! ते चित्रण आजही पाहावयास मिळते. ते पाहिल्यावर या बाईला वाद्य येत होते की नाही, हा प्रश्न कोणीही विचारणार नाही.

मेम्फिस मिनी आणि थार्पबाई या दोघीही १९७३ साली, दोन महिन्यांच्या अंतराने, निवर्तल्या. दोघींच्याही थडग्यावर नावाचा दगड नव्हता. मिनी यांच्या थडग्यावर तो १९९६ मध्ये बसला. त्याचा खर्च बॉनी रेट या गिटारवादिकेने उचलला. थार्पबाईंना आणखी दहा-बारा वर्षे वाट पाहावी लागली. क्लीव्हलंड येथील रॉक अँड रोलच्या सन्मानमंदिरात त्यांचे नाव लागले ते २०१८ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी. यात केवळ स्त्रीत्वाचा दोष होता असे मी म्हणत नाही. दोघीही कृष्णवर्णीय होत्या, आणि त्या काळच्या अमेरिकेत वर्णभेदाचे ओझे काय होते हे आपणांस ठाऊक आहे. पण त्याच वर्णाच्या पुरुषवादकांची नावे त्याआधी कितीतरी वर्षे घेतली जात होती, हेही विसरता येत नाही.

गोऱ्या स्त्रियांच्या वाट्याला तरी न्याय आला काय? मेरी ऑस्बर्न यांचे उदाहरण घ्या. नॉर्थ डकोटा राज्यातील ही मुलगी सतराच्या आसपास वयाची असता तिने चार्ली क्रिश्चनचे विद्युत्-गिटारवादन ऐकले. त्याच्यासारखीच गिटार मिळविली, त्याचे वादन जवळून अभ्यासिले आणि पुढे न्यूयॉर्कच्या जाझ क्षेत्रात नाव कमावले. नंतर कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथे त्यांनी पतीसमवेत गिटार आणि ध्वनिवर्धक तयार करण्याचा व्यवसायही चालविला. वादिका स्वतःच यंत्र घडविण्याच्या धंद्यात उतरली, असे हे उदाहरण. तरीही ध्वनिवर्धकाच्या लोकप्रिय इतिहासात ऑस्बर्न हे नाव शोधूनच काढावे लागते.

आता जरा कारखान्यात डोकावू. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा मिशिगन राज्यातील कॅलमझू येथील गिब्सनच्या कारखान्यात स्त्रियांनी गिटारी घडविल्या. त्या साध्या, विजेविना वाजणाऱ्या होत्या. पण आज संग्राहक त्यांना मोठी किंमत देतात. या स्त्रियांची हकीकत जॉन टॉमस या संशोधकाने त्यांना शोधून, भेटून लिहिली ती सुमारे सत्तर वर्षांनी. युद्धानंतर कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांचा कारखाना भरभराटीस आला. १९५० च्या दशकात तेथे तयार झालेले कापडी आवरणाचे ध्वनिवर्धक आज दुर्मिळ रत्नासारखे जपले जातात. ते उघडले असता आत कित्येकदा कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा आढळतो आणि त्यावर पेन्सिलीने एखादे नाव लिहिलेले असते. कोठे लिली, कोठे लुपे. आडनाव नाही, गाव नाही. ही त्या पेटीतली सारी जोडणी हाताने करणाऱ्या कामगार स्त्रीची खूण. त्याच कारखान्यात ॲबिगेल इबारा या बाई १९५६ पासून गिटारच्या चुंबकांवरील गुंडाळ्या वळीत होत्या. २०१३ पर्यंत त्यांनी हे काम केले, आणि त्यांच्या हाताचा आवाज निराळा लागतो अशी जाणकारांत ख्याती झाली. त्यांना उशिरा का होईना, नाव मिळाले. लिलीला मिळाले नाही.

हा चिकटपट्टीचा तुकडा लक्षात असू द्या; पुढे तो पुन्हा लागणार आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या कथेत संगणकाचा प्रवेश झाला. तो समजावून घेण्यास आपल्या ओळखीचा दाखला देतो. मिरजेचा तंबोरा आपण सर्वांनी ऐकला आहे. हल्ली पुष्कळ ठिकाणी त्याच्याऐवजी एक लहानशी पेटी बाजूस ठेवलेली दिसते. तिला भोपळा नाही, तार नाही, घोडी नाही. पण बटन दाबले की जवारीसह तंबोऱ्याचा भास होतो. तंबोऱ्याच्या आवाजाचे ते प्रतिरूप आहे. गिटारच्या बाबतीत असेच, पण फार पुढचे काम झाले. जुन्या ध्वनिवर्धकातील व्हॉल्व्ह, रोहित्र, कर्णा आणि कर्ण्यापुढचा मायक्रोफोन यांपैकी प्रत्येक भाग आवाजाचे काय करतो, हे गणिताने मांडून ते गणित संगणकाकडून क्षणोक्षणी सोडवून घ्यावयाचे. तंबोऱ्याची पेटी आपली आपण वाजते. ही पेटी मात्र वादकाच्या बोटाचा दाब, ओढ आणि हलका-भारी आघात घेऊन त्याप्रमाणे उत्तर देते. १९९५ मध्ये जपानच्या रोलंड कंपनीने व्हीजी-८ हे यंत्र काढले. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील लाइन सिक्स कंपनीची पॉड नावाची तांबडी पेटी घरोघरी गेली. पुढे ॲक्स-एफेक्स, केम्पर, हेलिक्स, क्वाड कॉर्टेक्स अशी यंत्रे आली. अलीकडच्या काहींत तर खऱ्या ध्वनिवर्धकात आवाज सोडून बाहेर काय पडते ते ऐकत यंत्र स्वतःच शिकते. मणामणाच्या पेट्या वाहून न्यावयाच्या ऐवजी वादक आता दोन-चार किलोंचे यंत्र पिशवीत घालून निघतो, आणि रात्री शेजाऱ्याची झोप न मोडता कानाला श्रवणयंत्र लावून हवा तितका गडगडाट करू शकतो.

या यंत्रांच्या कर्त्यांची नावे या विषयाच्या शौकिनांना तोंडपाठ असतात: मार्कस राइल, मिशेल द्वादिक, क्लिफ चेस, क्रिस्तोफ केम्पर. त्यांचे श्रेय त्यांना मिळालेच पाहिजे. पण या यंत्रांवर प्रथम मोठे कलात्मक काम कोणी केले, असे विचारले तर उत्तर चटकन येत नाही. ते उत्तर जोनी मिचेल असे आहे, निदान त्यांचे नाव अगदी अग्रभागी आहे. आणि ही हकीकत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

मिचेलबाईंचा जन्म १९४३ चा, कॅनडातला. नऊ वर्षांच्या असताना त्यांना पोलिओ झाला. त्यातून त्या उठल्या, पण डावा हात अधू राहिला. गिटारवर डाव्या हाताने तारा दाबून स्वरसंघात धरावे लागतात, आणि नेहमीच्या जुळणीत त्यातले कित्येक आकार त्या हाताला झेपेनात. तेव्हा त्यांनी हाताला वाद्याप्रमाणे वळविण्याऐवजी वाद्यालाच हाताप्रमाणे वळविले. तारांची जुळणीच बदलली. आपल्याकडे मालकंस गावयाचा झाला की तंबोऱ्याची पंचमाची तार मध्यमात उतरवितात. तसेच, पण सहाही तारांच्या बाबतीत, आणि गाण्यागणिक निराळे. अशा पन्नासाच्या आसपास जुळण्या त्यांनी वापरल्या. त्यातून असे स्वरसंघात निघाले की मुरलेल्या जाझवादकांनाही ते नवे वाटले. १९७६ सालच्या ‘हेजिरा’ या संग्रहातील विद्युत्-गिटार ऐकावी म्हणजे ही काय चीज आहे ते कळते. तरी वर्षानुवर्षे जग त्यांना कवयित्री आणि गायिका म्हणत राहिले. गिटार म्हणजे जणू त्यांच्या गळ्यातला एक दागिना!

या वैभवाचा एक जाच होता. मैफलीत दर गाण्याला नवी जुळणी. एक गिटार उतरवून दुसरी घ्यावयाची, तिसरीच्या खुंट्या पिळावयाच्या, तोवर श्रोते ताटकळलेले. वय वाढले तसे हे सारे नकोसे होऊ लागले. १९९५ मध्ये लॉस एंजलिसमधील वाद्यविक्रेते फ्रेड वॉलेकी यांनी व्हीजी-८ यंत्राशी जोडता येईल अशी एक गिटार त्यांच्यासाठी सिद्ध करविली. या यंत्राची मौज अशी की, ते सहाही तारांचा आवाज वेगवेगळा उचलते. त्यामुळे हातातली गिटार नेहमीच्याच जुळणीत राहते, आणि प्रत्येक तार कोठे चढवावयाची, कोठे उतरावयाची ते यंत्र पाहते. शिवाय गिटारचा पिंड कोणता आणि ध्वनिवर्धक कोणता, तेही त्यातच ठरते. पडद्याआड बसलेल्या मदतनिसाने गाण्यागणिक जुळणी बदलावयाची आणि बाईंनी गावे. १९९५ च्या मे महिन्यात न्यू ऑर्लिन्सच्या जाझ महोत्सवात त्या हे नवे साधन घेऊन उभ्या राहिल्या. १९९८ च्या ‘टेमिंग द टायगर’ या संग्रहात तर या यंत्राचा भरभरून उपयोग त्यांनी केला.

या हकीकतीत मला जे महत्त्वाचे वाटते ते हे. प्रतिरूपाच्या यंत्राकडून बहुतेकांनी मागितले ते एवढेच, की अमक्या साली अमक्या वादकाचा आवाज जसा होता तसा मला काढून दे. मिचेलबाईंनी यंत्राला निराळा प्रश्न विचारला. माझ्या कानात जे आहे आणि माझ्या हाताला जे झेपत नाही, त्या दोहोंमधले अंतर तुला भरून काढता येईल काय? यंत्राला विचारलेला प्रश्न जितका मोठा, तितका वादक मोठा. आणि असा प्रश्न एका अधू हाताच्या स्त्रीने विचारला, ही गोष्ट या यंत्रांच्या इतिहासात पहिल्या पानावर यावयास हवी.

त्यांच्यानंतर ही परंपरा खंडित झालेली नाही. जेनिफर बॅटन यांना १९८७ मध्ये शंभरावर वादकांतून मायकेल जॅक्सनच्या दौऱ्यासाठी निवडण्यात आले. पुढे जेफ बेक यांच्याबरोबर, १९९९ च्या ‘हू एल्स!’ या संग्रहात, त्यांनी गिटारच्या तारांवरून डिजिटल ध्वनियंत्रे वाजविली आणि अलीकडे पायापाशी ठेवलेल्या लहानशा प्रतिरूप-यंत्रावर त्या मैफली करीत आल्या. सेंट व्हिन्सेंट या नावाने वाजविणाऱ्या ॲनी क्लार्क यांनी योजिलेली गिटार २०१६ मध्ये बाजारात आली. ती मुद्दाम स्त्रीच्या देहाला सोयीची अशी घडविलेली आहे. २०१८ मध्ये निटा स्ट्रॉस यांच्या नावाची गिटार जपानच्या इबानेझ कंपनीने काढली. त्याच वर्षी फेंडर कंपनीने केलेल्या पाहणीत अमेरिका आणि ब्रिटन येथे नव्याने गिटार घेणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया आढळल्या. म्हणजे आज कोठेतरी एखाद्या खोलीत, कानाला श्रवणयंत्र लावून, डिजिटल पेटीवर उद्याची वादिका सराव करीत बसलेली आहे. दुकानातील शेरेबाजी आणि तालमीच्या जागेची अडवणूक यांतून त्या पेटीने तिला बरेचसे सोडविले आहे. पण तीच पेटी तिला जगाच्या नजरेआडही ठेवू शकते, हे विसरून चालणार नाही.

येथे कोणी म्हणेल, कलेत स्त्री-पुरुष हा भेद कशाला? आवाज ऐकावा आणि गुण द्यावेत. तत्त्व म्हणून हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण व्यवहारात काय झाले ते पाहा. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकेतील नियतकालिकाने २००३ मध्ये शंभर थोर गिटारवादकांची यादी छापली. तीत स्त्रिया दोन. जोनी मिचेल बहात्तराव्या आणि जोन जेट सत्त्याऐंशीव्या. थार्पबाईंचे नावच नव्हते. २०२३ मध्ये त्याच नियतकालिकाने अडीचशे नावांची यादी केली. तीत थार्पबाई सहाव्या आणि मिचेलबाई नवव्या! या वीस वर्षांत थार्पबाईंनी एकही नवा स्वर वाजविला नव्हता. त्यांना जाऊन पन्नास वर्षे होत आली होती. तेव्हा बदलले ते वादन नव्हे, बदलले ते ऐकणाऱ्याचे कान आणि लिहिणाराची वही. आधीच्या यादीत आवाजच ऐकून गुण दिले गेले असते, तर दुसरी यादी इतकी निराळी झालीच नसती. अशा याद्यांना फार किंमत द्यावी असे नाही. पण रोगाचे निदान करण्यास नाडी म्हणून त्या पुरतात.

दुसरा आक्षेप असा की, डिजिटल पेटीवर वाजविणाऱ्याचे कौतुक म्हणजे यंत्राचेच कौतुक. हा आक्षेप नवा नाही. मायक्रोफोन आला तेव्हा तो गायकांवर घेतला गेला. विजेची गिटार आली तेव्हा ती खरी गिटार नव्हेच असे म्हणणारे होते. यंत्र आवाज देते. कोणता आवाज, कोठे आणि कशासाठी, हे ते सांगत नाही. पेटीत दोनशे ध्वनिवर्धक भरलेले असले, तरी त्यातला एक निवडून त्याला आपला करणे हे कानाचे काम आहे, आणि कान पेटीबरोबर विकत मिळत नाही.

आता त्या चिकटपट्टीच्या तुकड्याकडे वळतो. आजच्या प्रत्येक प्रतिरूप-यंत्रात १९५० च्या दशकातील त्या फेंडर ध्वनिवर्धकांची नक्कल असतेच असते. पडद्यावर पेटीची जात दिसते, साल दिसते. त्या आवाजात एखाद्या लिलीने जोडलेल्या तारेचाही वाटा आहे. तो गणितात उतरला, पण तिचे नाव उतरले नाही. तेव्हा कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिण्यापलीकडे तिला उपाय नव्हता. आज तशी सबब उरलेली नाही. आज वादिकेने आपल्या यंत्रात बसविलेला आवाज तिच्या नावानिशी साठविता येतो, जगभर पाठविता येतो, जतन करता येतो. नोंद ठेवणे इतके सोपे झाल्यावरही ती राहिली, तर तो दोष यंत्राचा नव्हे आणि काळाचाही नव्हे, तो आपला.

मिचेलबाईंच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगून थांबतो. २०१५ मध्ये त्यांच्या मेंदूतील रक्तवाहिनीला इजा झाली. चालणे-बोलणे पुन्हा शिकावे लागले. गिटारही पुन्हा शिकावी लागली. आपलीच जुनी चित्रणे लावून, बोटे कोठे पडत होती ते पाहून त्या शिकल्या. २०२२ च्या जुलैत न्यूपोर्टच्या महोत्सवात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मिचेलबाई विजेची गिटार घेऊन उभ्या राहिल्या आणि एक गत त्यांनी न गाता, केवळ वाजवून दाखविली. नोंद राहिली होती म्हणून हात परत मिळाला. एका व्यक्तीच्या बाबतीत जे खरे, ते एका परंपरेच्या बाबतीतही खरे आहे. म्हणून आपल्या घरात, आपल्या गावात एखादी मुलगी असे वाद्य घेऊन बसलेली दिसली, तर तिच्या पेटीची किंमत विचारण्याआधी तिचे वादन ऐका. आणि ऐकल्यावर तिचे नाव पूर्ण, आडनावासह, कोठेतरी लिहून ठेवा, एवढीच आपणां सर्वांना विनंती.